ढगांत बी पेरता येते काय?

साहित्याच्या वर्गात आपण रूपकांची चिकित्सा शिकवतो. पण वर्गाबाहेर एखादे रूपक सरकारी तिजोऱ्या उघडू लागले, की मात्र ते आपल्या कक्षेबाहेरचे ठरते. ‘क्लाउड सीडिंग’, अर्थात ‘मेघबीजन’, हे असे रूपक. अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगरांवर हिवाळ्यात अधिक बर्फ पडावे म्हणून हे बीजन जमिनीवरून केले जाते. एकट्या युटा राज्याने २०२३ मध्ये त्यासाठी १ कोटी २० लाख डॉलर मंजूर केले. हा खटाटोप समजून घेण्यात सर्वांत मोठा अडसर त्याच्या नावाचाच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. डोंगराच्या वाऱ्याकडील बाजूस ठेवलेल्या भट्टीवजा यंत्रात सिल्व्हर आयोडाइडचे द्रावण प्रोपेनच्या ज्योतीत जाळतात. वाऱ्याबरोबर तो धूर उतार चढून ढगात शिरतो. त्या ढगात तापमान शून्याखाली असूनही न गोठलेले सूक्ष्म थेंब तरंगत असतात. सिल्व्हर आयोडाइडची स्फटिकरचना बर्फाशी मिळतीजुळती असल्याने, उणे पाच-सहा अंशांखाली त्याचे कण गोठण्याला आधार पुरवतात. हिमकण वाढतात, जड होतात आणि डोंगरावर पडतात. या व्यवहारात बाहेरून पाण्याचा एक थेंबही येत नाही.

मग यात बी कोठले? बीच्या पोटात झाड असते आणि एका दाण्याचे शंभर होतात, अशी शब्दाची ग्वाही असते. रसायनशास्त्रातही ‘बीज-स्फटिक’ असतो, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. परंतु पैसे मंजूर करणारा पुढारी तो शब्द प्रयोगशाळेच्या कानांनी ऐकत नाही, शेताच्या कानांनी ऐकतो. आमच्या स्वयंपाकघरात याहून प्रामाणिक शब्द आहे: विरजण. दूधच नसेल तर विरजण कशाला लावायचे, हे कोणासही सांगावे लागत नाही. ढगांच्या बाबतीत मात्र ते सांगावे लागते, कारण कोरड्या आकाशातही ‘पेरणी’ची आशा शब्दाने लावून ठेवलेली असते.

आकडे विरजणाच्याच बाजूचे आहेत. वायोमिंगमधील मेडिसिन बो आणि सिएरा माद्रे या पर्वतरांगांवर २००८ ते २०१४ या काळात चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक निवड करून चाचण्या झाल्या. मुख्य सांख्यिकीय निष्कर्षात वाढ निघाली ३ टक्के, आणि ती निव्वळ योगायोगाची असण्याची शक्यता २८ टक्के. अन्य पुरावे जमेस धरून, अनुकूल वादळांपुरती ५ ते १५ टक्के वाढ संभाव्य मानली गेली. पण हिवाळी वर्षावाचा सुमारे ३० टक्के भागच अशा वादळांतून येत होता. म्हणजे साऱ्या हंगामाच्या हिशेबात, अगदी उदार होऊनही, चार-साडेचार टक्के! हे शून्य नव्हे; पण हे पीकही नव्हे.

या गोष्टीला साहित्याचा सख्खा धागा आहे. सिल्व्हर आयोडाइडचा हा गुण १९४६ साली शोधणारे बर्नार्ड व्हॉनेगट हे कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट यांचे थोरले बंधू. कर्ट यांच्या ‘कॅट्स क्रेडल’ (१९६३) या कादंबरीत एका स्फटिकाच्या स्पर्शाने जगातले पाणी गोठते. कादंबरीत ते शोभते, कारण तेथे स्फटिकाला मर्यादा नाही. टेनेसीने २०२४ मध्ये आणि फ्लोरिडाने २०२५ मध्ये हवामानात हस्तक्षेप करण्यावर बंदी घातली, तेव्हा त्या बंदीमागील भीतीने जणू ही अमर्यादता वास्तव मानली होती. लोभी माणूस ‘बी’ या शब्दात सुगी पाहतो, भ्यालेला माणूस विषवल्ली पाहतो. दोघांचीही श्रद्धा मात्र एकाच रूपकावर असते.

आणि आपण? ‘कृत्रिम पाऊस’ हा शब्द आपण इतकी वर्षे बिनदिक्कत वापरत आलो. मराठवाड्यातील पावसाळी ढगांवर विमानातून झालेले प्रयोग ही निराळी बाब. पण शब्दाची लबाडी तीच. पाऊस कृत्रिम नसतो, कृत्रिम असते ते आश्वासन. दुष्काळी गावातला शेतकरी त्या शब्दाकडे डोळे लावून बसतो, तेव्हा रूपकाची चिकित्सा हा परीक्षेतला दहा गुणांचा प्रश्न उरत नाही. ती वर्गाबाहेर नेण्याचे काम भाषेच्या शिक्षकांनी करायचे नाही, तर कोणी करायचे?