एरंडेलाची दुसरी इनिंग

गॅरेजसमोरच्या गटारातला रंगीबेरंगी तवंग कधी नीट पाहिलाय? दिसायला इंद्रधनुष्य, पण ते खनिज तेल पाण्यात-मातीत बराच काळ तसंच राहतं. गाडीचं जुनं ऑइल निदान गोळा तरी करता येतं. झाडं कापायच्या चेन-सॉचं तेल मात्र काम करता करताच जमिनीवर सांडतं. ते परत कसं आणणार?

पूर्वी बैलगाडीच्या आसाला एरंडेल लावायचे. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनातही तेच असायचं. ‘कॅस्ट्रॉल’ हे नावसुद्धा ‘कॅस्टर’वरून, म्हणजे एरंडावरून आलं! मग बियांचं तेल मागे का पडलं? स्वयंपाकघरात जा आणि तेलाच्या बरणीभोवतीचा चिकट थर बघा. रेणूतले दुहेरी बंध हवेतला ऑक्सिजन पकडतात आणि तेल घट्ट होतं. तापलेल्या यंत्रात तर हे फारच लवकर होतं.

पण खरी मजा पुढे आहे. मातीतले सूक्ष्मजीव हे तेल पचवतात, ते त्यातल्या एस्टर बंधांमुळे. म्हणजे दोष रेणूत एका जागी आणि गुण दुसऱ्या जागी. त्यामुळे गुणाला धक्का न लावता दोष दुरुस्त करता येतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फॉर्मिक आम्ल वापरून दुहेरी बंधाच्या जागी ऑक्सिजनचं छोटं कडं बसवतात. हेच ते एपॉक्सिडेशन. पुढे ते कडं उघडून तिथे शाखा जोडली, की तेल थंडीत सहज गोठत नाही.

असं वंगण महाग पडतं, हे मान्य. शिवाय आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात करतो, तेव्हा ताटातलं तेल यंत्रात ओतणं परवडणार नाही. म्हणून करंज, कडुनिंब, एरंड यांच्याकडेच वळायला हवं. आणि सुरुवात कुठून? जिथे तेल सांडणारच आहे, तिथून. अमेरिकेने २०१३ मध्ये मोठ्या व्यापारी जहाजांसाठी नियम केला: जिथे वंगण थेट पाण्याला लागतं, तिथे तांत्रिक अडचण नसेल तर पर्यावरणस्नेही वंगणच वापरायचं. आपल्या नद्या आणि बंदरांसाठी असा नियम का नको?

नियम सरकार करेल, पण परवडणारं तेल कोणीतरी प्रयोगशाळेतच घडवावं लागेल. मुंबईच्या आयसीटीत, नागपूरच्या एलआयटीत तेल तंत्रज्ञान शिकवलं जातं. तुम्ही साधं बीएस्सी करत असाल तरी हरकत नाही. प्रोजेक्टला विषय शोधताय ना? कॉलेजच्या आवारात एखादा करंज असेलच. त्याच्या शेंगा झाडून टाकण्याआधी दोन-चार उचला.