पाटी आधी वाचा

परळ-लालबागला कुठं खावं याच्या याद्या हल्ली जो तो काढतो. इथली सुरमई, तिथला खिमा-पाव, उडप्याचा डोसा, लालबागच्या चिवडा गल्लीतला चिवडा. शेवटी ठरलेलं वाक्य : या वस्तीत सगळ्यांचं सगळं मिळतं, पोटाला जात नसते.

साफ खोटं.

यादी खिशात घाला आणि करी रोड स्टेशनातून बाहेर पडा. लालबाग, परळ, डिलाईल रोड, नायगाव पायी फिरा. काही खाऊ नका. नुसत्या पाट्या वाचा. मालवणी. गोमंतक. आगरी. कोल्हापुरी. उडुपी. पंजाबी. मोगलाई. शुद्ध शाकाहारी. जैन पावभाजी. चायनीजच्या गाड्या तर नाक्यानाक्यावर, आणि आख्ख्या नाक्यावर चिनी माणूस एक नाही. गावाची पाटी आहे, जातीची आहे, धर्माची आहे, परमुलखाची आहे. आता मला आमची दाखवा.

बीडीडीच्या चाळी भरून आम्ही राहिलो. बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत राहिले. १९२४ साली निघालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचं काम परळच्या दामोदर हॉलातून चाललं. शंभर वर्षं उलटली. निळे फलक चौकाचौकात हायेत. जेवणाचा फलक नाही. का नाही?

लगेच एखादा शहाणा म्हणतो, आता तुम्हाला कुणी अडवलंय? अडवलं होतं, भाऊ. म्हणून तर कायदा करावा लागला. २६ जानेवारी १९५० पासून संविधानाच्या कलम १५(२) नं दुकानाचं, हॉटेलाचं, उपाहारगृहाचं दार उघडलं. १९५५ साली अस्पृश्यता (अपराध) कायदा आला, तेव्हा अडवणाऱ्याला शिक्षा लागू झाली. म्हंजे नुसतं टेबलापर्यंत जायला एवढं लागलं. पण कायदा गिऱ्हाईकाला आत घेतो. चुलीपाशी कोण उभं राहणार, गल्ल्यावर कोण बसणार, पाटीवर कुणाचं नाव लागणार, हे कायदा ठरवत नाही. आमचे हात हॉटेलात आहेतच की! मागच्या मोरीत आहेत, खरकट्याच्या पिंपाशी आहेत, तुंबलेल्या गटारात आहेत. तिथं ते चालतात. कणकेत चालतात का?

गिरणगावाच्या एकोप्याचे गोडवे गाणाऱ्यांना गिरणीचाच इतिहास ऐकवा. रिंग खात्यात आम्ही होतो. विणकाम खात्यात, जिथं पगार जादा, तिथं आम्हाला घेत नव्हते. कारण धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे, आणि आमची थुंकी लागलेलं सूत सवर्ण कामगाराला चालत नव्हतं. लाल बावटा चालायचा, थुंकी चालायची नाही. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांपुढं टाकला. मी सुतावर पोट भरणारा माणूस. सुताला कुणाची थुंकी कळत नाही, हे मी रोज बघतो. कळते ती माणसाला.

खानावळी तरी कुठं वेगळ्या होत्या? घाटावरच्यांची एक, कोकणातल्यांची दुसरी; गाव बघून, जात बघून पंगत. त्या खानावळी चालवणाऱ्या बाया चुलीच्या धुरात राबल्या म्हणून गिरण्या चालल्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात त्यांना एकत्र आणलं, बँकेची कर्जं मिळवून दिली. मोठं काम झालं. पुढं १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि नंतर एकेक गिरणीचं आवार हॉटेलांनी भरलं. वस्ती बदलली म्हणतात. मालक बदलला, बिल बदललं. मोरीतला हात तोच राहिला.

आता 'शुद्ध' या शब्दाकडं या. ज्याला भाजी खायची त्यानं भाजी खावी, आमचं काय जातं? पण नुसतं 'शाकाहारी' लिहून भागत असताना त्याच्या डोक्यावर 'शुद्ध' कशाला? शुद्ध म्हटलं की अशुद्ध कोण ते न लिहिताच लिहून होतं. आणि हा शब्द पाटीवर गप बसत नाही. २०२३ साली पवईच्या आयआयटीच्या मेसमध्ये सहा टेबलं शाकाहाऱ्यांसाठी राखली. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड ठोकला. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोनं शुद्ध शाकाहारी डब्यासाठी वेगळी पोरं, वेगळी पेटी आणि हिरवा गणवेश जाहीर केला. ओरड झाली तेव्हा दुसऱ्या दिवशी हिरवा कपडा मागं घेतला. पण कल्पना बघा! कपड्याच्या रंगावरून दारातल्या दारात ओळखायचं की हा पोरगा कुणाचं अन्न वाहतो. गळ्यातलं मडकं गेलं, पाठीवर पेटी आली.

सरकारनंही ताटात हात घातला. गायीवर बंदी आधीच होती. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल कापायलाही बंदी आली. मे २०१६ मध्ये हायकोर्टानं बाहेरच्या राज्यातून आणलेलं मांस जवळ ठेवणं गुन्हा नाही म्हणून सांगितलं, पण कापण्यावरची बंदी उठली नाही. गरिबाचं स्वस्त कालवण महाग झालं. खाण्याच्या याद्या काढणाऱ्या किती जणांनी त्यावर एक ओळ खरडली? त्यांना चवीचं पडलंय. आमच्या ताटातून काय उचललं ते त्यांना दिसत नाही.

हे झालं त्यांचं. आता आपलं.

आपला एखादा पोरगा गाडी टाकतो आणि वर रंगवतो 'मालवणी' नाहीतर 'कोल्हापुरी'. मी त्याला शिव्या देणार नाही. त्याला हप्ता भरायचाय, त्याला गिऱ्हाईक तुटायची भीती आहे, आणि ती भीती खरी आहे. मला राग येतो तो आपला. उडप्याकडं कटिंग मारत क्रांतीवर बोलणारे आपण, आईनं केलेल्या वजडीचा डबा चारचौघांत उघडायला लाजतो! वर तोंड करून म्हणतो, बाबासाहेबांनीच ते सोडायला सांगितलं.

काय सोडायला सांगितलं? नीट वाच ना गड्या. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, मागून आणलेली भाकरी, उष्टं सोडायला सांगितलं. त्या घासात गुलामी होती. ती आम्ही थुंकून टाकली आणि परत तोंडात घेणार नाही. पण पैसे देऊन आणलेली वजडी, मुंडी, पाया, कण्या, अंबाड्याची भाजी, हे माझ्या आईचं हुन्नर आहे. त्याची लाज मला कुणी शिकवली? बाबासाहेबांनी नाही.

आणि त्याचं देव्हाऱ्यातलं प्रदर्शनही नको. मांसाच्या चान्या उन्हात वाळवल्या त्या चवीसाठी नव्हे. उद्या मिळेल की नाही याचा भरवसा नव्हता म्हणून. भुकेनं शिकवलेला स्वयंपाक आहे हा. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिलं, मराठवाड्यातल्या दलितांच्या चुलीचं पुस्तक. 'रुचिरा' निघाली १९७० साली. म्हंजे मराठी स्वयंपाक घरोघर छापून पोचल्यावर आमची चूल पुस्तकात यायला पंचेचाळीस वर्षं गेली. पुस्तक आलं. पाटी कधी?

हॉटेल टाकणं ही चळवळ असते हे शाहू महाराजांना कळलं होतं. कोल्हापुरात पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळेला त्यांनी हॉटेल काढायला मदत केली. हॉटेल निघालं, पण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराजांनी भाषण ठोकलं नाही. गाडी थांबवली आणि सगळ्यांदेखत गंगारामच्या हातचा चहा प्याले. बरोबरच्यांनाही पाजला.

आपल्याकडं राजा नाही, आपणच आहोत. तेव्हा कामाचं बोलतो. आपल्यातलं कुणी गाडी टाकत असेल तर त्याच्या पाठीशी उभे राहा आणि पाटी खऱ्या नावाची लावायला लावा. तिथं रोख पैसे देऊन खा. चळवळीच्या नावानं उधारी करू नका. मीटिंग तिथं घ्या. मित्राला घेऊन जा, सवर्ण मित्राला तर आधी घेऊन जा. दोस्ती किती पाण्यात आहे ते पहिल्या घासाला कळेल. आणि हे सगळं परत आईच्या, बायकोच्या कमरेवर टाकू नका. घोषणा तुझ्या आणि कांदा तिनं चिरायचा, हे चालणार नाही. भांडी घास, पीठ मळ, मग समतेवर बोल.

पुढच्या वेळी कुणी विचारलं, परळला कुठं जेवायचं, तर त्याला उलट विचारा : चुलीवर कोण, गल्ल्यावर कोण, मोरीत कोण? उत्तर येईपर्यंत ताटावर बसू नका.

जयभीम.