पोस्टडॉक : प्रवेश नव्हे, नेमणूक

व्यापारी घरातील मुलाने वा मुलीने पीएचडी संपादन केली आणि आता युरोपात पोस्टडॉक करावयाचे म्हटले, की वडीलधाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो : 'अजून किती शिकणार, आणि फी किती?' या प्रश्नातच गैरसमज दडलेला आहे. पोस्टडॉक हे पुढचे शिक्षण नसून संशोधकाची मुदतबंद नेमणूक आहे. तेथे फी भरावयाची नसते. वेतन वा विद्यावेतन मिळते. म्हणून जो मध्यस्थ पैसे घेऊन अशी जागा मिळवून देण्याची हमी देतो, त्याला दुरूनच नमस्कार करावा.

या जागेच्या वाटा मुख्यतः दोन. पहिली वाट जाहिरातीची. प्राध्यापकाच्या प्रकल्पाला निधी मंजूर झाला, की विद्यापीठ जागा जाहीर करते. युरोपीय आयोगाच्या 'युरॅक्सेस' या संकेतस्थळावर अशा जाहिराती विनामूल्य पाहता येतात. दुसरी वाट उमेदवाराने स्वतः शिष्यवृत्ती मिळविण्याची. युरोपीय संघाची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी शिष्यवृत्ती आणि जर्मनीतील हुम्बोल्ट प्रतिष्ठानाची शिष्यवृत्ती ही तिची परिचित उदाहरणे. मात्र येथेही यजमान प्राध्यापकाची संमती आधी हवी. तेव्हा खरे भांडवल म्हणजे त्यांना लिहिलेले पत्र. त्यांचे अलीकडचे शोधनिबंध वाचून, आपण त्यात कोणती भर घालू शकतो, हे त्यात एका पानात यावे. एकच मजकूर पन्नास जणांना धाडणे म्हणजे गिऱ्हाईक न पाहताच माल उलगडणे होय.

क्युरी शिष्यवृत्तीचे दोन नियम घरच्यांनीही जाणून घ्यावेत. अर्जाच्या अंतिम तारखेपूर्वीच्या 36 महिन्यांत उमेदवाराचे वास्तव्य यजमान देशात 12 महिन्यांहून अधिक झालेले नसावे. शिवाय पीएचडीनंतरच्या काळाला 8 वर्षांची मर्यादा आहे. 'आधी लग्न होऊ दे, मग बघू' असे म्हणत वर्षे लोटणे म्हणूनच महागात पडते. वास्तविक विवाह आणि संशोधन यांत विरोध मानण्याचे कारण नाही. या योजनेत कुटुंब असलेल्या संशोधकाला वेगळा कुटुंबभत्ता आहे आणि प्रसूती व अपत्यसंगोपनाच्या रजेचा काळ त्या मर्यादेतून वगळला जातो. आपल्या लेकींच्या दृष्टीने ही सवलत मोलाची आहे.

आता हिशेबाची बाजू. जाहीर झालेली रक्कम आणि हाती पडणारी रक्कम यांत मोठे अंतर असते. क्युरी योजनेच्या निर्वाह भत्त्याच्या आकड्यात मालकाने भरावयाची सामाजिक सुरक्षेची वर्गणीही धरलेली असते. आयकर, आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतनाची कपात त्यानंतर होते. शिवाय पहिला पगार हाती येण्यापूर्वीच खर्च उभा राहतो. जर्मनीत घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत मागू शकतो. तेवढी गंगाजळी घरातून आधीच बाजूला काढून ठेवावी.

राहिला 'नोकरी पक्की का?' हा प्रश्न. ती पक्की नसते. क्युरी शिष्यवृत्ती युरोपात 12 ते 24 महिन्यांची असते. मुदतठेवीचा विचार करताना आपण मुदतीअंती हाती काय येईल, हे पाहतो. येथेही तेच पाहावे : दोन वर्षांअंती कोणते शोधनिबंध, कोणते कौशल्य आणि कोणाची शिफारस पदरी असेल? याचे उत्तर मुलांकडे तयार असेल, तर वडीलधाऱ्यांनी निश्चिंत मनाने आशीर्वाद द्यावा.