काशीत एक सकाळ पायी

महाराष्ट्रातून काशीला निघणाऱ्या यात्रा कंपन्यांच्या कार्यक्रमात विश्वनाथाचं दर्शन, संध्याकाळची गंगा आरती आणि साड्यांची खरेदी हमखास असते. दुसऱ्या दिवशी गाडी प्रयागराजच्या रस्त्याला लागते. त्यात काशीतला मराठी इतिहास बघायचा राहूनच जातो, ही खरी हळहळ.

आजचं विश्वनाथ मंदिर अहिल्याबाई होळकरांनी 1780 च्या सुमारास उभारलं. 2021 मध्ये नवा कॉरिडॉर खुला झाला आणि दर्शन सोपं झालं, हे चांगलंच झालं. पण दशाश्वमेध घाटावरून उत्तरेकडे चालत गेलं, तर मणिकर्णिकेपुढे शिंदे घाट लागतो. त्याच्या पायथ्याशी रत्नेश्वराचं मंदिर चक्क एका बाजूला कललेलं आहे. पावसाळ्यात त्याचा गाभारा पाण्याखाली जातो.

पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट. त्याच्याही पुढे पेशव्यांच्या नावाशी जोडलेला बालाजी घाट. तिथल्याच बालाजी मंदिरात बिस्मिल्ला खाँ शहनाईचा रियाज करत.

ज्येष्ठांना पायऱ्या झेपत नाहीत, हे खरं. त्यांच्यासाठी नाव आहे. यात्रा कंपन्यांनी खरेदीची सकाळ घाटांना द्यावी आणि सोबत माहीतगार मराठी वाटाड्या ठेवावा. प्रवाशांनीही पैसे भरण्याआधी तसा आग्रह धरावा.