लाड पुष्कळ, लस मात्र नाही!

कुत्रा पाळण्याची हौस आता आपल्या गावांतून चांगलीच रुजली आहे. पूर्वी कुत्रा असायचा तो वाड्याच्या दारात, मळ्यात किंवा मेंढरांमागे. उरलेल्या भाकरीवर तो जगायचा आणि रात्री राखण करायचा. आता तो दिवाणखान्यात आला, सोफ्यावर चढला, मुलांच्या अंथरुणात शिरला. त्याचे वाढदिवस होतात, त्याला केक भरवला जातो. या हौसेला माझा मुळीच विरोध नाही. मुक्या जिवाच्या सहवासात मुले बरेच काही शिकतात. माझी तक्रार वेगळी आहे. आपण कुत्र्याचे लाड करतो आणि त्यालाच काळजी समजतो. या दोन्हींत फार अंतर आहे.

मी माणसांचा डॉक्टर. कुत्र्यावर उपचार करणे हे पशुवैद्यकाचे काम. मग आरोग्याच्या या सदरात कुत्र्याचा विषय कशाला, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. कुत्र्याबरोबर त्याचे जंत, त्याचे गोचीड आणि त्याची लाळही घरात येते. त्याच्या आरोग्याचा हिशेब अखेर घरातल्या माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या आरोग्याशी येऊन मिळतो.

आपले ताट त्याला चालत नाही

हजारो वर्षे माणसाच्या सोबतीने राहून कुत्रा भात-भाकरी पचवायला शिकला आहे. परंतु त्याची प्रथिनांची गरज मोठी आहे. वाढत्या पिल्लाला केवळ दूध-पोळीवर ठेवले तर ही गरज भागत नाही. शिवाय पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही आणि त्यांना जुलाब होतात. याउलट काही हौशी मंडळी नुसते मांसच घालतात. त्यात कॅल्शियम फार कमी असते, त्यामुळे पिल्लाची हाडे ठिसूळ होतात आणि पाय वाकतात. भात किंवा भाकरी, त्यात शिजवलेले अंडे किंवा बिनहाडाची कोंबडी, थोडा लाल भोपळा किंवा गाजर, असा मीठ-मसाला नसलेला मिश्र आहार बरा. शाकाहारी घरात मांसाऐवजी डाळ, पनीर, दही घालता येते. कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे वेगळी द्यावी लागतील का, आणि किती, हे पशुवैद्यकाला विचारावे. सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा आणि मोठ्या कुत्र्याला दोन वेळा ठरलेल्या वेळी खायला घालावे. स्वच्छ पाणी मात्र दिवसभर समोर असावे.

आपल्याला रोज चालणारे काही पदार्थ कुत्र्याला विषासमान आहेत. कांदा आणि लसूण यांनी त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. रात्रीचा उरलेला रस्सा त्याच्या भांड्यात ओतण्यापूर्वी हे ध्यानात असू द्या. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांनी त्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. नाशिक-सांगलीकडे, जिथे घरोघरी बेदाणा असतो, तिथे हे मुद्दाम सांगायला हवे. चॉकलेट त्याच्या हृदयाला आणि मज्जासंस्थेला घातक आहे. साखरविरहित च्युइंगममध्ये असणारे झायलिटॉल हे द्रव्य तर थोडेसे पोटात गेले तरी त्याची रक्तातली साखर एकदम खाली आणते. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडांच्या अणकुचीदार फोडी होतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात.

बिस्किटांचे काय? एखादे दिल्याने बिघडत नाही. परंतु चहाबरोबर घरातला प्रत्येक जण दोन-दोन देऊ लागला की कुत्रा पिंपासारखा फुगतो. कुत्र्याच्या कुशीवरून हात फिरवा. बरगड्या हाताला लागाव्यात, पण डोळ्यांना ठळक दिसू नयेत. हाताला लागतच नसतील तर बिस्किटे बंद करा आणि त्याला फिरायला न्या. दोघांनाही फायदा होईल.

आणखी एक सवय धोक्याची आहे. मटणाच्या दुकानातून कच्चे काळीज-फुफ्फुस आणून कुत्र्याला टाकतात. शेळ्या-मेंढ्यांच्या या अवयवांत एका जातीच्या पट्टकृमीच्या गाठी असू शकतात. त्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात तो कृमी वाढतो, विष्ठेतून त्याची अंडी पडतात आणि ती माणसाच्या पोटात गेली की यकृतात किंवा फुफ्फुसात पाण्याच्या मोठमोठ्या गाठी होतात. त्यासाठी शस्त्रक्रियेची वेळ येते. म्हणून असे अवयव द्यायचेच असतील तर चांगले उकळून शिजवून द्या.

आपली गोळी त्याला नको

‘कुत्र्याचे अंग तापलेय, कुठली गोळी देऊ?’ असे विचारणारे दवाखान्यात नेहमी भेटतात. निरोगी कुत्र्याचे तापमानच मुळी १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. त्यामुळे तो आपल्या हाताला गरम लागणारच. तेवढ्यावरून घरातली पॅरासिटामॉल देणे धोक्याचे आहे. तिने यकृताला आणि रक्ताला इजा होते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी तर पोटात रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंड बिघडते. चार-पाच वर्षांच्या मुलाचा डोस कुत्र्यालाही चालेल हा हिशेब साफ चुकीचा आहे. कुत्रा दिवसभर जेवला नाही, वारंवार ओकला, सुस्त पडला तर त्याला गुरांच्या दवाखान्यात न्या. तिथे कुत्र्यालाही तपासतात.

उन्हाळ्यात विशेष जपावे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकत तो अंग थंड करतो. त्याला भर उन्हात साखळीने बांधणे किंवा बंद मोटारीत ठेवणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. चपट्या नाकाची आणि दाट केसांची विदेशी जात आपल्या उन्हाळ्यात किती सोसेल, याचा विचार पिल्लू विकत घेण्यापूर्वीच करावा. आपल्या हवेत गावठी कुत्र्यासारखा काटक दुसरा नाही.

जंत आणि गोचीड

पुष्कळ पिल्ले जन्मतःच पोटात गोल जंत घेऊन येतात. ते आईकडूनच त्यांच्यात उतरतात. या जंतांची अंडी विष्ठेतून मातीत पडतात आणि काही आठवड्यांत संसर्ग करण्याजोगी होतात. मुले मातीत खेळतात, तसाच हात तोंडात घालतात. मग जंतांच्या अळ्या यकृत, फुफ्फुस आणि क्वचित डोळ्यापर्यंत पोचतात व दृष्टीही जाऊ शकते. उपाय अवघड नाही. पिल्लाला दोन आठवड्यांचे झाल्यापासून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंताचे औषध सुरू करावे आणि पुढे मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी द्यावे. अंगणातली घाण रोजच्या रोज उचलावी. कुत्र्याशी खेळून आलेल्या मुलांनी साबणाने हात धुतल्याखेरीज ताटावर बसू नये.

गोचिडांमुळे कुत्र्याला रक्ताचे गंभीर आजार होतात. त्यावर रॉकेल चोळणे किंवा पिकावर फवारायचे औषध लावणे हा उपाय भयंकर आहे. कुत्रा अंग चाटतो आणि ते विष त्याच्या पोटात जाते. त्याच अंगावरून मुलेही हात फिरवतात. गोचीड बोटांनी चिरडू नयेत. त्यावर कुत्र्यांसाठीचे औषध मिळते, तेच वापरावे.

आधी लस, मग पट्टा

आता मुख्य मुद्दा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू भारतात होतात, आणि बळींमध्ये मुलांचे प्रमाण मोठे आहे. दुःखाची गोष्ट ही की, हा रोग पूर्णपणे टाळता येतो. पाश्चर यांनी १८८५ साली एका मुलाला लस टोचली, त्याला शंभरावर वर्षे उलटली.

‘आमचा कुत्रा घरातच असतो, त्याला लस कशाला?’ हे वाक्य मी पुष्कळदा ऐकतो. पिसाळलेला कुत्रा फाटकावर कडी वाजवून येत नाही. फाटक क्षणभर उघडे राहिले, दोन कुत्री एकमेकांवर धावली, एवढे पुरते. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची पहिली लस द्यावी, पशुवैद्यक सांगतील तेव्हा पुढची मात्रा आणि मग दर वर्षी. डिस्टेंपर, पार्व्हो इत्यादी रोगांच्या लसी त्याआधीच, सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतात. केंद्र सरकारने २०२१ साली जाहीर केलेल्या आराखड्यात कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत हटविण्याचे उद्दिष्ट आहे. बहुसंख्य कुत्र्यांना लस दिल्याशिवाय ते साधणार नाही. निदान पाळलेल्या कुत्र्यांची जबाबदारी तरी आपण सरकारवर ढकलू नये. कुत्र्याची नसबंदीही त्यातच येते. नको असलेली पिल्ले पोत्यात भरून बाजारात सोडणारे लोकच पुढे मोकाट कुत्र्यांबद्दल नगरपालिकेच्या नावाने बोटे मोडतात.

आणि तरीही कुत्रा चावला तर? घरचा असो वा बाहेरचा, जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे धुवा. चटणी, चुना, हळद काही भरू नका. मांत्रिकाकडे वेळ दवडू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही भीती आता सोडून द्या. ती जुनी लस देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आताची लस दंडात थोड्या मात्रांत दिली जाते आणि सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. जखमेतून रक्त आले असेल तर जखमेभोवती सीरमही द्यावे लागते. चावलेल्या कुत्र्याला मारू नका; त्याला बांधून दहा दिवस नजरेखाली ठेवा. मात्र लस सुरू करायला तोवर थांबू नका. दहा दिवसांनी कुत्रा धडधाकट असेल तर पुढच्या मात्रांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील. कुत्र्याने नुसते ओरखडले तरी घरी सांगायचे, हे मुलांना बजावून ठेवा. मार बसेल या भीतीने मुले गप्प राहतात, आणि तेच त्यांच्या जिवावर बेतते.

घरी कुत्रा असेल तर हा अंक बाजूला ठेवल्याबरोबर त्याचे लसीचे कार्ड शोधा. शेवटच्या लसीला वर्ष उलटले असेल, किंवा कार्डच सापडत नसेल, तर उद्या सकाळी त्याला घेऊन दवाखान्यात जा. केक पुढच्या वाढदिवसाला राहिला तरी चालेल.