गेलेल्या वादकाचें वाद्य

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मला भेटावयास आला. त्याच्या गांवच्या मंदिरांत उपासनेच्या वेळीं व्हायोलिन वाजविणारे एक वृद्ध गृहस्थ नुकतेच निवर्तले होते, व त्यांच्या घरची मंडळी तें व्हायोलिन विकणार असल्याचें त्याच्या कानीं आलें होतें. त्याला तें घ्यावयाचें होतें. परंतु त्याच्या आजीनें हरकत घेतली. मेलेल्या माणसाच्या हातची वस्तु घरांत आणूं नये, असें तिचें म्हणणें. "सर, मी काय करूं?" असें त्यानें विचारिलें. त्यास मीं तेथल्या तेथें जें उत्तर दिलें तें अपुरें होतें, असें मागाहून वाटलें. म्हणून हा लेख.

आजीबाईंचा मान राखूनहि मला म्हणावें लागतें कीं, त्यांची शंका निराधार आहे. इटलीतील क्रेमोना गांवचा प्रख्यात कारागीर स्त्रादिवारी १७३७ सालीं वारला. त्याच्या हातचें व्हायोलिन आज जो कोणी वाजवितो, त्याच्यापूर्वी तें किती मृतांच्या खांद्यावर विसावलें असेल! चांगल्या लाकडाचें वाद्य नीट राखलें तर माणसाच्या चार-पांच पिढ्या सहज पाहतें. आमच्या मिरजेचा तंबोराहि तसाच. त्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतला. तो एकदां वाळून कमावला म्हणजे गुरूमागें शिष्य व शिष्यामागें त्याचा शिष्य त्यावर गातो. तबल्याचें कातडें व पेटीचा भाता मात्र झिजतो, तो बदलावा लागतो. तो निराळा विषय.

खरा प्रश्न गेलेल्याचा नसून मागें राहिलेल्यांचा आहे. वादकाच्या मृत्यूनंतर पहिले महिना-दोन महिने घरांत पैशाची नड असते, औषधपाण्याचें देणें असतें, आणि कोपऱ्यांतली ती पेटी डोळ्यांना पाहवत नाहीं. अशा वेळीं मागितलेली किंमत ती खरी किंमत नव्हे. हें मी ऐकीव सांगत नाहीं. २००४ सालीं नुकताच नोकरीस लागलों असतां मीं एका विधवाबाईंकडून त्यांच्या यजमानांचें व्हायोलिन ८०० रुपयांस घेतलें. "तुम्हांला योग्य वाटेल तें द्या," असें त्या म्हणाल्या. योग्य काय याची मला थोडीबहुत कल्पना होती. तरी खिशांत होतें तेवढेंच मीं दिलें. त्यांनीं पेटीवरची धूळ पदरानें पुसली व ती माझ्या हातीं दिली. पुढें वाद्यें दुरुस्त करणाऱ्या एका जाणत्या कारागिरानें त्या व्हायोलिनचें मोल १८,००० रुपये सांगितलें. राहिलेले पैसे नेऊन द्यावे, असें ठरवितां ठरवितां दोन वर्षें गेलीं, आणि बाई वारल्या. मग त्यांच्या मुलीकडे १०,००० रुपये घेऊन गेलों. तिनें ते घेतले, एवढेंच विचारिलें, "आई होती तेव्हां कां आलां नाहीं?" मजजवळ उत्तर नव्हतें, व अद्यापहि नाहीं.

म्हणून माझें स्पष्ट मत आहे कीं, ज्याला वाद्यांतलें कळतें त्यानें, मग तो घेणारा कां असेना, खरें मोल आपल्या तोंडानें प्रथम सांगावें. विकणाऱ्याच्या अज्ञानावर नफा काढणें हा व्यवहार नव्हे. कोणी म्हणतील, बाजारांत असेंच चालतें. बाजारांत चालतें खरें. परंतु शोकाचें घर हा बाजार नव्हे, आणि तेथें आपण बहुधा सांत्वनाच्या निमित्तानेंच शिरलेले असतों. त्रयस्थ जाणत्यास वाद्य दाखविणें हा सर्वांत सरळ मार्ग होय.

त्यांत घरच्या मंडळींचेंहि हित आहे, कारण त्यांची चूक दोन्ही बाजूंनीं होते. व्हायोलिनच्या पोटांत डोकावलें असतां स्त्रादिवारीच्या नांवाची चिठ्ठी दिसते, व घरचे लोक लक्षाधीश झाल्याचीं स्वप्नें पाहूं लागतात. पण तसली चिठ्ठी जर्मनींत व बोहेमियांत तयार झालेल्या हजारों साध्या व्हायोलिनांत चिकटविलेली आढळते. उलट, मोडकी बाजाची पेटी म्हणून जी भंगारवाल्यास दिली जाते, तिच्यांत कधीं कधीं जुने जर्मन किंवा पॅरिसचे सूर निघतात. पितळेच्या त्या लहानशा पट्ट्यांसाठीं जाणकार वादक वणवण करीत असतात. लाकूड कुजलें तरी सूर दुसऱ्या पेटींत बसवितां येतात.

ज्यांना विकावयाचेंच नाहीं, त्यांस माझें एक सांगणें आहे. पागानीनी १८४० मध्यें वारला. त्यानें आपलें लाडकें व्हायोलिन, ग्वार्नेरीनें १७४३ सालीं केलेलें, आपल्या जेनोआ नगरीस देऊन ठेविलें. त्या नगरीनें तें जपलें. आणि निवडक वादकांच्या हातीं देऊन तें वाजतेंहि ठेविलें. उलट, 'मसीहा' या नांवानें ओळखलें जाणारें स्त्रादिवारीचें १७१६ चें व्हायोलिन ऑक्सफर्डच्या संग्रहालयांत कांचेआड जवळजवळ नवें दिसतें, व जवळजवळ मुकें आहे. भावी कारागिरांस नमुना म्हणून त्याचा उपयोग आहे, हें मला मान्य. तरी माझें मन जेनोआकडे ओढतें. आमच्या घरांत तर तेवढी कांचहि नसते. आठवण म्हणून कपाटावर ठेविलेल्या व्हायोलिनचा सरस पावसाळ्याच्या दमटपणानें सुटतो, गजाचे केस बंद पेटींत कीड खाते, आणि कोणी 'जपून ठेवावें' म्हणून सर्व तारा एकदम सैल केल्या तर घोडी पडते, पोटांतली लांकडी दांडीहि पडते. दहा वर्षांनीं नातू पेटी उघडतो तेव्हां आठवण तेवढी राहिलेली असते.

वादकांनींहि स्वतः विचार करावा. "माझ्यामागें हें तुझें," असें शिष्यास म्हणणारे गुरु पुष्कळ. लिहून ठेवणारे थोडे. तोंडच्या शब्दावर शिष्य विसंबतो, मुलें तो शब्द ऐकला नाहीं म्हणतात, आणि दोघेहि बहुधा खरेंच बोलत असतात. मृत्युपत्र केलें नसेल तर १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणें आम्हां ख्रिस्ती लोकांत मुलेंबाळें असतां विधवेचा वांटा एक तृतीयांश, बाकी मुलांचा. तंबोऱ्याचे तीन तुकडे कोण करणार? दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन मृत्युपत्र करावें, किंवा त्याहून बरें म्हणजे हयातींतच वाद्य हातीं द्यावें. इयत्ता नववींतील एका मुलीस मी शनिवारीं व्हायोलिन शिकवितों. तें ८०० रुपयांचें व्हायोलिन शाळा सोडतांना तिला द्यावयाचें मीं ठरविलें आहे, आणि तें कसें मिळालें हेंहि सांगावयाचें आहे. देण्यापेक्षां सांगणेंच मला अवघड जाईल.

त्या माजी विद्यार्थ्याचें पत्र आलें. एका जाणत्या वादकास बरोबर घेऊन तो त्या घरीं गेला. त्यांनीं १५,००० रुपये मोल सांगितलें, व पांच हप्त्यांत तें द्यावयाचें ठरलें. एक खुंटी घसरते, ती दुरुस्त करावयाची आहे. आजी पेटीला अजून हात लावीत नाहीं. तो वाजवूं लागला म्हणजे मात्र दाराशीं येऊन बसते. तिसरा हप्ता जूनमध्यें आहे.