फ्री आहे ना, मग काय?

परवा शुक्रवारी संध्याकाळी, सगळे पळायच्या बेतात असताना, आमचा लीड डेस्कवर आला. "अरे, ती फुटरमधली ओळ उडव ना. क्लायंट विचारतोय, हा कोण?"

हा कोण म्हणजे ज्याने अख्खी साईट डिझाईन केली तो! आम्ही काय केलं? रंग बदलले, लोगो टाकला आणि बिलात 'कस्टम डिझाईन' लिहिलं.

म्हटलं, "लायसन्स वाचलंस का?" तर उत्तर ठरलेलं : "फ्री आहे ना, मग काय?"

मंडळी, हे 'मग काय' मी सहा वर्षं ऐकतोय. आज जरा डोकं फिरलंय, तेव्हा ऐकून घ्या.

फ्री म्हणजे पैसे पडत नाहीत, एवढंच. बनवणाऱ्याने हक्क सोडला असं नव्हे. एचटीएमएल५ अपची टेम्प्लेट्स आपल्यापैकी अनेकांनी वापरलीत. ती क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्यूशन ३.० खाली मिळतात. धंद्यासाठी वापरा, हवी तशी मोडतोड करा, सगळं चालतं. बदल्यात फक्त नाव ठेवा. एक ओळ! ती काढलीत की त्या लायसन्सप्रमाणे परवानगी आपोआप संपते. २०१३ च्या ४.० मध्ये निदान चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर परवानगी परत मिळते. ३.० मध्ये तेही नाही.

"पण कोर्टात कोण जातंय?" गेलेत की. अमेरिकेत मॉडेल रेल्वे चालवायच्या फुकट सॉफ्टवेअरवरून जेकबसेन विरुद्ध कॅट्झर हा खटला झाला. समोरच्याने फायली उचलल्या आणि मूळ लेखकांची नावं गाळली. २००८ साली तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की फुकट लायसन्सच्या अटी म्हणजे नुसती विनंती नव्हे, त्या मोडल्या तर कॉपीराइटचाच भंग होऊ शकतो. आणि आपल्याकडे? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ उघडून बघा. कॉपीराइट विकून टाकला तरी 'हे मी केलंय' म्हणायचा हक्क लेखकाकडेच राहतो.

सगळीकडे फुटरची ओळ ठेवावीच लागते असंही नाही हं. वर्डप्रेसची जीपीएल थीम असेल तर दिसणारी लिंक खुशाल काढा, कोडमधल्या कॉपीराइटच्या नोंदींना हात लावू नका म्हणजे झालं. सीसी० असेल तर प्रश्नच मिटला. उलट 'नॉन-कमर्शिअल' असेल तर क्लायंटच्या कामाला ते टेम्प्लेट घ्यायचंच नाही. म्हणजे वाचावं लागतं. पाच मिनिटं! पण आम्हाला लायसन्सची फाईल झिपमध्ये दिसली की आधी डिलीट करायची सवय.

गंमत म्हणजे याच लीडचं नाव आमच्या प्रत्येक फाईलच्या माथ्यावर असतं. मागे एका पोराने ते चुकून उडवलं तर स्टँडअपमध्ये वीस मिनिटं प्रवचन झालं होतं.

मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टच्या साईटवरून अशीच एक ओळ मी स्वतः काढली होती. एक्स्टर्नलने "डिझाईन छान आहे" म्हटल्यावर मान खाली घालून "थँक्यू सर" म्हणालो होतो. अजून आठवलं की कसंतरी होतं.

असो. ओळ मी काढलेली नाही. क्लायंटला मेल लिहिलाय : नाव ठेवा, नाहीतर ज्याने बनवलंय त्याला विचारून, लागतील ते पैसे देऊन रीतसर परवानगी घेऊ. मेल ड्राफ्टमध्ये पडलाय. लीडला सीसीमध्ये ठेवायचं की नाही, ते ठरत नाहीये. पुढच्या महिन्यात अप्रेझल आहे.